रेडकर सरांची अर्धी फाइल

फाइल उघडण्यापूर्वी हात जोडायचे असतात, हे माझ्या संगणकाच्या डिप्लोमात मला कुणी शिकवलं नव्हतं. ते रेडकर सरांनी शिकवलं. आजही काही नवं उघडायचं झालं, मग ते बँकेचं पान असो की भाचीने पाठवलेले फोटो, माझा हात माऊसवर जातो आणि ओठ आपोआप पुटपुटतात, "बा देवा म्हाराजा..." घरातले हसतात. हसू देत. त्यांनी रेडकर सर पाहिलेले नाहीत.

नव्याण्णव साली मी समुद्राकाठच्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या कॉलेजात संगणक कक्षाची प्रमुख म्हणून लागले. प्रमुख म्हणजे काय, तर खोलीत मी एकटीच. सहा कंप्युटर, एक प्रिंटर, एक एसी आणि 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. मी ओरोसच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली. वडील कचेरीत, त्यामुळे घरात शुद्ध बोलायची शिस्त. मालवणी मला सगळी समजायची, पण बोलायची वेळ आली की जीभ वळायची नाही. त्यात वय चोवीस आणि हातात किल्ल्यांचा जुडगा. किती तुसडी असेन ते तुम्हीच समजा.

रसायनशास्त्राचे रेडकर सर पहिल्यांदा आले ते चपला हातात घेऊन.

"सर, चपला बाहेर ठेवायच्या आहेत."

"भायर कुत्रो आसा," ते म्हणाले. "काल तेना प्रिन्सिपलांची एक न्हेल्यान. माझ्याकडे हो एकच जोड."

पन्नाशी उलटलेली, काळा काटक देह, पँट घोट्याच्या चार बोटं वर, आणि शर्टाच्या खिशात एक फ्लॉपी. फ्लॉपीबरोबर त्याच खिशातून दोन सुपाऱ्या टेबलावर घरंगळल्या. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "सर, इथे सुपारी खायला परवानगी नाही."

"खाता कोण गो? हे कार्बन."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन आले, आणि उंबऱ्यातच उभी राहिले. छताला काथ्याच्या दोरीने टांगलेली पन्नासेक मॉडेलं. विकत आणलेलं एकही नव्हतं. सुपारी म्हणजे कार्बन, रिठा म्हणजे ऑक्सिजन, मिरीचा दाणा म्हणजे हायड्रोजन, आणि तांबं म्हणजे उंडीचं बी. किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखाली ते गोल गरगरीत बी पडलेलं असतं, ते सर सकाळी फिरायला जाताना वेचून आणायचे. जोडायला माडाचे हीर, ज्यांच्या आपण केरसुण्या बांधतो. पावसाळ्यात त्या सगळ्या रसायनशास्त्राला बुरशी यायची आणि सर ते उन्हात वाळत घालायचे. एकदा उंदराने बेंझिन खाल्लं. त्या वर्षीच्या मुलांना बेंझिन फळ्यावरच शिकावं लागलं.

त्या फ्लॉपीत काय होतं ते सांगते. सरांची एक जुनी विद्यार्थिनी, मेधा, वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराची मुलगी, दक्षिणेकडे एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. तिने सरांना एक सॉफ्टवेअर पाठवलं होतं. स्फटिकाच्या आत अणू कसे बसलेत ते पडद्यावर दाखवणारं. माऊसने धरून तो स्फटिक हवा तसा फिरवता यायचा. फ्लॉपीत ते आणि त्यात घालायची एक फाइल होती, साध्या मिठाची.

मी फाइलवर दोनदा टिचकी मारली. चित्र कसलं, नुसते आकडे आले. ओळीमागून ओळी.

"फाइल खराब आहे," मी सांगून टाकलं.

सरांनी नाक पडद्याला टेकवलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं लॉटरीचा निकाल लागलाय. "खराब खंय गो? हे पत्ते आसत! हो सोडियम, हो क्लोरीन. कोण खंय रवता ता लिवलेला आसा. ह्या गावाची मतदारयादी ही."

मग मी सॉफ्टवेअर उघडलं. वरच्या यादीत 'ओपन' होतं आणि त्याच्याखाली 'इम्पोर्ट'. आधी 'ओपन'वर गेले, तर फाइल दिसेचना. 'इम्पोर्ट'वर गेले तर त्याने दहा प्रश्न विचारले. कुठल्या प्रकारची फाइल, कुठल्या एककात, अमुक हवं की तमुक. मी वैतागले. सर शांतपणे म्हणाले, "बाय, ओपन म्हणजे आपल्या घरातलो माणूस. तो येता, सरळ चुलीकडे जाता. इम्पोर्ट म्हणजे पावणो. पावण्याक पयलो पाय धुवक पाणी देवचा, मगे इचारूचा, खंयसून इलास, वांगडा कोण आसा. इचारल्याशिवाय घरात कसो घेतलंस?"

वांगडा म्हणजे सोबत. हे वाक्य मी तेव्हा हसून सोडून दिलं.

शेवटचं बटण दाबणार तोच सरांनी माझा हात अडवला. खोलीत दुसऱ्या वर्षाची आठ-दहा मुलं होती. सरांनी चपला खाली ठेवल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे नांगर धरण्यापासून होडी पाण्यात ढकलण्यापर्यंत कुठल्याही कामाआधी देवाला असं गाऱ्हाणं घालतात. एक माणूस बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुज्या नावान जी काय ही फायल उघडूक घेतलेली आसा..."

"व्हय म्हाराजा!" मुलं ओरडली.

"तिच्यात काय वायट वंगाळ, व्हायरस-बियरस आसात, तर ता भायरच्या भायर काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लाइट जावक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मीसुद्धा 'होय महाराजा' म्हटलं, कारण लाइटचा प्रश्न खराच होता.

आणि आलं की हो मीठ. हिरवे-निळे गोळे, उभे आडवे, रांगेत, मोजून मापून. सर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. त्यांचे वडील शिरोड्याच्या मिठागरात राबलेले. लहानपणी सरही तिथे वाफ्यांच्या बांधावर बसायचे. ते म्हणाले, "बापूस सांगी, मिठाकडे बघीत रवाचा नाय, मीठ लाजता. तेना आयुष्यभर मीठ काढल्यान, पण ह्या तेका बघूक गावला नाय."

नंतरच्या दिवसांत या माणसाने माझ्या कक्षाची धर्मशाळा करून टाकली. कॉलेजच्या फाटकाशी शेवंती नावाची मासळीवाली बसायची. एकदा सर तिलाच घेऊन आले, पाटी दाराबाहेर ठेवून. एसीत सगळा बांगड्यांचा वास. मी तोंड वाकडं केलं, पण सरांना चेहरे वाचायला वेळ कुठे? पडद्यावर मीठ फिरवत ते म्हणाले, "शेवंते, तू मासळी खारवूक जा मीठ वापरतंस मां, ता आतसून ह्या असा आसा."

शेवंतीने कमरेवर हात ठेवून नीट पाहिलं. "ह्या मीठ? ह्या कोणी रांगोळेचे ठिपके घातलेले दिसतत."

"तसाच."

"मगे ह्येच्यात खारट खंय आसा?"

सरांनी मीठ पुन्हा एकदा फिरवलं. मग मान हलवून म्हणाले, "ता माका पण अजून गावाक नाय गो." पुढे कितीतरी दिवस ते मला सांगायचे की त्यांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका चांगला प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. शेवंती मात्र गावभर सांगत होती की सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

सरांचं एक पालुपद होतं, "घाय नको. घायेन पीठ जाता, खडो नाय." म्हणजे घाई केली की द्रावणातून भुकटी पडते, स्फटिक होत नाही. मी जिना भराभरा उतरले तरी ते हेच म्हणायचे. प्रिन्सिपलांच्या मुलीचं लग्न महिन्याभरात ठरलं तेव्हाही म्हणाले, आणि प्रिन्सिपलांनी ते मनाला लावून घेतलं.

पण हे पालुपद त्यांनी स्वतः पाळलेलं होतं. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या कपाटाच्या तळच्या फळीवर एक काचेची बरणी असायची. तोंडाला कागद, कागदाला टाचणीने पाडलेली भोकं. आणि कपाटाच्या दारावर सरांच्या अक्षरात चिठ्ठी: 'दार हळू लावावे. आत कोणीतरी वाढत आहे.' बरणीत होतं ते सरांचं खरं वेड. काकींनी म्हणजे त्यांच्या बायकोने कोकमाचं आगळ, सोलकढीचा तो आंबट रस, काढलं की त्यातली एक बाटली सर गुपचूप कॉलेजात आणायचे. त्या आंबटातलं आम्ल वेगळं काढायचं, तांब्याशी त्याची गाठ घालायची आणि वाट बघायची. चार वर्षं नुसतं पीठ पडलं. काकी म्हणायच्या, "सोलकढीक आगळ नाय आणि तुमचा लगीन लावणा चालूच!" पाचव्या वर्षी, मी तिथे असतानाच, तळाशी तांदळाएवढा एक निळा खडा दिसला. सरांनी मला धावत बोलावून घेतलं. घाई न करणारा माणूस जिन्यावरून धावत आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्या खड्याच्या आत काय आहे, हे कळायला मेधाच्या संस्थेतलं यंत्र हवं होतं. क्ष-किरण आरपार सोडून एकेका अणूचा पत्ता काढणारं. सरांनी तो खडा कापसात गुंडाळून फोटोच्या रोळाच्या डबीत घातला आणि कुणाकुणाच्या हातून तिच्याकडे पोचवला. पोरगी सासरी धाडावी तशी डबी दिली त्यांनी.

आणि याच सुमाराला माझ्या लक्षात आलं, की सर पडद्याकडे सरळ बघत नाहीत. मान वाकडी करून, उजवा डोळा पुढे काढून बघतात. जिन्याच्या पायऱ्या मोजून उतरतात. मी विचारलं तर म्हणाले, "काचबिंदू. डावो कधीच गेलो. उजव्याक कडेसून काळोख येता, कोणी पडदो ओढल्यासारखो. मधी एक खिडकी रवली आसा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गोव्याच्या डॉक्टरान सांगितल्यान, गेला ता येवचा नाय. रवला ता किती दीस, ता तेका पण ठाऊक नाय." मग म्हणाले, "माका काय जग बघूचा नाय गो. बघितला. फक्त माजो खडो आतसून बघूचो रवलो आसा. तेवढो बघितलंय काय मगे डोळो मिटलो तरी चलात."

मला वाईट वाटलं, हे सांगायला नकोच. तोंडातून मात्र निघालं, "सर, ड्रॉप्स वेळेवर घालता ना?" आम्हा कचेरीतल्या लोकांच्या पोरांना मायासुद्धा सूचनाफलकासारखीच बोलता येते.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर, रोज अकरा वाजता, चपला हातात घेऊन सर दारात उभे. "टपाल इला?" टपाल म्हणजे ईमेल. मी टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडायची, ते कुईंकुईं करत लागायचं, कधी लागायचंच नाही. मेधाकडे यंत्राला रांग होती, मग यंत्र बिघडलं, मग तिची परीक्षा. सर म्हणायचे, "घाय नको," पण आता ते स्वतःलाच सांगत होते. खिडकी लहान होत चालली होती. वर्तमानपत्र आता ते मलाच वाचायला लावायचे.

फाइल आली ती चतुर्थीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी. आमच्या लाइनवर जोडलेली फाइल उतरत नसे, म्हणून मेधाने सगळा मजकूर पत्रातच चिकटवून पाठवला होता. अशी पत्रं आमच्याकडे आली की त्यांत नाही नाही ती चिन्हं घुसायची, ओळी तुटायच्या, एकच ओळ चारदा उमटायची. माझ्या मनात आलं, सर अकराला येतील, तोपर्यंत सगळं स्वच्छ करून ठेवू, आल्याबरोबर त्यांच्यापुढे चित्र. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला चकित करायचं होतं. मी मजकूर कॉपी केला आणि झाडझूड करत गेले. सुरुवातीलाच चार ओळी होत्या, जवळजवळ सारख्या. एक्स, वाय, झेड. मग वजा एक्स, वाय, वजा झेड. पुन्हा तेच, अर्धा मिळवून. मला वाटलं हाही पत्राचाच कचरा. त्या आणि त्यांच्या आजूबाजूचं काय काय, सगळं उडवलं. खाली अणूंचे पत्ते होते, ते जपून ठेवले.

सर आले. मुलं गावाला गेलेली, खोलीत आम्ही दोघंच. सरांनी हात जोडले, पण गाऱ्हाण्याचे शब्द त्यांना सुचेनात. एवढंच म्हणाले, "म्हाराजा, इतकी वर्षा वाट बघितलंय, माझ्या खड्याक सांबाळून आत घेवन ये."

"होय महाराजा," मी म्हटलं.

इम्पोर्ट केलं. सॉफ्टवेअरने चकार शब्दाने तक्रार केली नाही. पडद्यावर निळ्या तांब्याचा एक गोळा आला, त्याला लागून थोडे कार्बन, थोडे ऑक्सिजन, आणि बाजूला दोन फांद्या हवेत पसरलेल्या. त्यांच्या टोकाला काहीच नाही. मोडलेलं खेळणं असावं तसं ते दिसत होतं.

"इतक्याच?" सर म्हणाले.

"फाइलीत एवढंच आहे, सर."

"फिरव बघू." मी फिरवलं. पुन्हा फिरवलं. सर मान या बाजूला त्या बाजूला कलती करून, त्या उरलेल्या खिडकीत एकेक अणू आणून बघत राहिले. वीस-पंचवीस मिनिटं तरी. मग खुर्चीत मागे टेकले. "बंद कर बाय. खडो वाटेत बिघाडलो आसतलो. मेधाक सांग, तिचो दोष नाय."

चपला उचलून ते गेले. मी खिडकीतून पाहिलं, स्टँडच्या वाटेवर ते कुंपणाला हात लावत लावत चालले होते. शिरोड्याची गाडी लागली होती.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं, सर आले नाहीत. प्रिन्सिपल म्हणाले, चतुर्थीच्या दिवशीच सरांच्या उजव्या डोळ्यात भयंकर कळ निघाली. पण घरी पाच दिवसांचा गणपती. सगळी भावकी जमलेली. घरात देव बसलेला असताना कुणाच्या दवाखान्याची धावपळ नको, म्हणून हा माणूस दात आवळून गप्प बसला. विसर्जन झालं, त्यानंतर बोलला. तोवर उशीर झाला होता. गोव्याला ऑपरेशन केलं, पण उपयोग झाला नाही.

त्याच आठवड्यात मेधाचा फोन आला. "मॅडम, सरांना आवडलं का हो? कसलं देखणं आहे! दोन तांबी अगदी समोरासमोर!"

"दोन कुठली? एकच आहे. अर्धंच आलंय ते."

मग तिने हळूच विचारलं, "मॅडम, वरच्या त्या चार ओळी आहेत ना? एक्स, वाय, झेडवाल्या? फाइलीत अर्धंच लिहायचं असतं. उरलेलं अर्धं कुठे आणि कसं बसवायचं, ते त्या ओळी सांगतात."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते मी गणपतीतच करून दाखवलं होतं. मूळ पत्र अजून होतं. मी सगळा मजकूर जसाच्या तसा घेतला, एक शब्द न काढता, आणि पुन्हा इम्पोर्ट केलं. आणि ते आलं. दोन निळे गोळे, एकमेकांसमोर, एकाच्या पसरलेल्या फांद्यांत दुसऱ्याच्या फांद्या. इतकं पुरं, इतकं सुंदर. ज्याने ते बघायचं, त्याला आता दिसत नव्हतं. दार लावून घेतलं आणि मी ढसाढसा रडले. माझ्या स्वच्छतेला आग लागो, असं वाटलं.

पुढच्या रविवारी सगळे आकडे कागदावर छापून घेतले आणि शिरोड्याची एसटी पकडली. गाडीत मी माफी पाठ करत होते. चांगल्या शुद्ध मराठीत.

माडांच्या आगरातलं छोटं घर. काकी ओटीवर आगळाच्या बाटल्या पुसत होत्या. माझ्याकडे बघून नुसत्या म्हणाल्या, "ये गो बाय. तुजीच वाट बघीत होते." सर बाकावर बसले होते, काळा चष्मा लावून. चपला मात्र सवयीने बाकाजवळ, हाताला लागतील अशा.

पाठ केलेलं सगळं विसरले. "सर, खडा बिघडला नव्हता," एवढंच म्हटलं आणि मग रडत रडत सगळं सांगितलं. चार ओळींचं, कचऱ्याचं, सगळं. "तुम्हाला तो एकदा बघायचा होता आणि माझ्यामुळे... मीच घालवलं तुमचं..."

सरांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पावणो सांगी होतो, माझ्या वांगडा आणखी एक जण आसा, आणि तू तेका दारातसून परत धाडलंस?"

"हो सर."

"अति शाणो, तेचो बैल रिकामो," काकी आतल्या दारातून म्हणाल्या.

आणि सर हसले. अगदी पोटातून. "रडा नको गो. तुजी चूक चार ओळींची, माजी पाच दिसांची. कोणाची मोठी?" मग बाकाखाली चाचपडत त्यांनी एक करंडी ओढली. "ह्या बघ. मी करून ठेवलंय. चुकला काय ता सांग."

करंडीत मॉडेल होतं. उंडीची दोन बियं. सुपाऱ्या, रिठे, मिऱ्या, हीर. दोन. अर्धं नव्हे, पुरं. मी पडद्यावर पाहिलं होतं तेच.

"सर... तुम्हाला मेधाने सांगितलं?"

"कोण सांगतला? तू दाखयलंस मां माका." त्यांनी मॉडेल मांडीवर घेतलं. "डोळ्यात कळ मारी होती, मी खोलीत निजान होतंय. भायर ओटयेर चेडवां फुगडी घाली होती. पायांचो धप धप आवाज. आणि माज्या डोळ्यांसमोर सारखा ताच, तू दाखयलंस ता. एकटा तांबा, दोन हात पुढे केलेला. मगे माझ्या टाळक्यात उजेड पडलो. अगो, फुगडी एकटी कोण घालता? हात पुढे केल्यान म्हणजे समोर कोणतरी आसतलाच! आणि कोकमाची वस्तू ही, झाड ती एकाच हाताची करता, उजवी तर उजवीच, म्हणान हिका आरश्यातली जोडीण चलाची नाय. तिच्यासारखीच दुसरी व्हयी, समोर फिरून उबी रवलेली. जशी फुगडेत रवता."

वजा एक्स, वाय, वजा झेड, म्हणजे अर्धी गिरकी. मी कचरा म्हणून फेकलेली ओळ या माणसाने अंथरुणावर पडून, पायांच्या आवाजावरून शोधून काढली होती.

"वाच आता," सर म्हणाले. मी कागद काढला आणि एकेक आकडा वाचत गेले. सरांची बोटं सुपारीवरून रिठ्यावर, रिठ्यावरून मिरीवर जात होती. "बरोबर. बरोबर. फुडे." दोन तांब्यांमधल्या अंतराशी आले तेव्हा ते थांबले, अंगठा आणि तर्जनी धरून मापलं. "वायच जवळ बसयलंय मी. भायर घेवक व्हया." हीर थोडा ओढून त्यांनी बियं अर्धं बोट लांब केली. तेवढी एकच चूक निघाली.

पुढे मी शिरोड्याला कितीदा तरी गेले. सर दहा साली गेले. पण मला ते दिसतात ते त्या रविवारचेच. निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी काकींना मॉडेल ओटीच्या वाशाला काथ्याने टांगायला लावलं. समुद्रावरून वारा येत होता. मॉडेल हळूच हललं, थोडं वळलं, मग एका लयीत फिरायला लागलं. सर बाकावर बसून होते, चेहरा वर केलेला, काळा चष्मा भलत्याच दिशेला.

"बाय," त्यांनी विचारलं, "फिरता मां गो?"

मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ आपसूक वळली.

"फिरता, सर," मी म्हटलं. "दोगीय फिरतत."

त्यांनी हात जोडले. "व्हय म्हाराजा," म्हणाले.